गणना कोणत्या बळाची?

रायपूर नगरीच्या पुरानी बस्तीत महामायेचे जुने देवालय आहे. त्याच वस्तीत जैतूसाव मठ आहे, आणि तेथून फार दूर नसलेल्या दूधाधारी मठाच्या राममंदिरात मराठेकालीन भित्तिचित्रे आहेत. महामाया ही रतनपूरच्या हैहयवंशी कलचुरी राजांची आराध्यदेवता. राममंदिरातील चित्रे मात्र त्या राजांना जिंकून घेणाऱ्या भोसल्यांच्या काळाची आठवण देतात. जो जिंकला गेला त्याचे राज्य राहिले नाही, आणि ज्याने जिंकले त्याचेही राहिले नाही. देवीपुढचा दिवा मात्र अद्याप लागतो. ज्या भूमीत दोन पक्षांच्या बळाचा हिशेब अनेकदा मांडला गेला आणि अनेकदा चुकला, त्या भूमीत बसून गीतेचा पहिला अध्याय वाचणाऱ्यास त्यातील एक अर्थ विशेष स्पष्टपणे दिसावा, ह्यात नवल नाही.

पहिला अध्याय पुष्कळ पाठक घाईने उरकतात. त्यात योद्ध्यांची नावे आहेत, शंखांची नावे आहेत; तत्त्वज्ञान म्हणून जे काही आहे ते दुसऱ्या अध्यायापासून, अशी त्यांची समजूत असते. परंतु ह्याच अध्यायात दुर्योधनाच्या मुखी नऊ श्लोक आहेत, आणि त्यांत तो जे करतो ते प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक राष्ट्रात नित्य चालू असते. तो दोन्ही पक्षांचे बळ मोजतो. युद्धकाळी वर्तमानपत्रांत कोणाचे रणगाडे किती, विमाने किती, नौका किती अशी कोष्टके छापून येतात. ओट्यावर बसून ती वाचणारे त्यावरून निकालही सांगून टाकतात. दुर्योधनाचे भाषण हे त्या कोष्टकांचेच आदिरूप होय.

ह्या गणनेतील अंक लहान नाहीत. महाभारताच्या परिमाणाप्रमाणे एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, २१,८७० हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पदाती असतात; एकूण संख्या २,१८,७०० होते. कौरवांकडे अशा ११ अक्षौहिणी होत्या, म्हणजे २४,०५,७०० ची गणती. पांडवांकडे ७, म्हणजे १५,३०,९०० ची. वरचढपणा उघड होता. त्याखेरीज भीष्म, द्रोण, कर्ण, कृप, अश्वत्थामा असे सेनानायक एकाच बाजूस होते. श्रीकृष्णाने एका बाजूस आपली नारायणी सेना आणि दुसऱ्या बाजूस निःशस्त्र असा स्वतः, अशी निवड पुढे ठेवली तेव्हा अर्जुनाने श्रीकृष्णास मागितले, आणि दुर्योधन सेना मिळाली म्हणून आनंदाने परतला. पांडवांच्या मदतीस निघालेल्या शल्यासही त्याने वाटेत आदरसत्कार करून आपल्याकडे ओढून घेतले. मोजता येईल ते सर्व त्याने गोळा केले.

असे असता रणभूमीवर तो प्रथम काय करतो? द्रोणाचार्यांजवळ जातो आणि आधी शत्रूकडील वीरांची नावे घेतो; आपल्याकडील नावे मागाहून येतात. त्याने आपल्या सैन्यास ‘अपर्याप्त’ म्हटले आहे, आणि ह्या शब्दावर भाष्यकारांचा जुना वाद आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्याचा अर्थ अमर्याद, मोजता न येणारे, असा घेतला. इतर टीकाकारांनी ‘अपुरे’ असा अर्थ केला. व्याकरण दोन्ही अर्थांस वाव देते. पण सुज्ञ वाचकाच्या ध्यानात एवढे येईल, की पहिला अर्थ घेतला तरी त्यामागील अस्वस्थता लपत नाही. ज्यास आपल्या बळाची खात्री असते तो ऐन रणात गुरूपुढे जाऊन याद्या म्हणत नाही.

त्याच सैन्याकडे त्याच सकाळी दुसरा एक मनुष्य पाहतो. अर्जुन आपला रथ दोन्ही सेनांच्या मध्ये नेण्यास सांगतो. त्यास रथ, हत्ती, घोडे दिसत नाहीत. पितामह दिसतात, आचार्य दिसतात, मामा, भाऊ, पुत्र, मित्र दिसतात. दुर्योधनाने अंक पाहिले, अर्जुनाने नाती पाहिली. दुर्योधनाची दृष्टी कोरडी आहे, हे कोणीही सांगेल. परंतु भगवंतांनी अर्जुनाचीही दृष्टी पुरी मानली नाही. नाती पाहून त्याचे धनुष्य गळून पडले, आणि ज्याचे धनुष्य शोकाने गळते त्याच्या हातून ना युद्ध होते, ना खरी क्षमा होते.

मग खरी गणना कोणती? ह्याचे उत्तर भगवंतांनी अगदी अखेरीस, अठराव्या अध्यायात दिले आहे. तेथे सात्त्विक, राजस आणि तामस कर्माची लक्षणे सांगताना पंचविसाव्या श्लोकात ते तामस कर्म कशास म्हणावे हे सांगतात: पुढे काय होईल, हानी किती होईल, दुसऱ्यास पीडा किती होईल आणि आपले सामर्थ्य किती आहे, ह्या चार गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने जे आरंभिले जाते, ते कर्म तामस होय. श्लोकातील चार शब्द आहेत अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली ही, की गीता बळाची मोजदाद निषिद्ध ठरवीत नाही. ‘धर्म आपल्या बाजूस आहे, मग सैन्य कशास मोजावे?’ असे म्हणणारा भाविक गीतेच्या दृष्टीने सात्त्विक नव्हे, तामसच ठरतो. पौरुषाचा अंदाज न घेणे हा मोह आहे. पांडवांनीही सात अक्षौहिणी जमविल्याच होत्या, आणि अर्जुन दिव्यास्त्रांसाठी तपास गेला होता. दुसरी गोष्ट ही, की पौरुष हे चारांपैकी एक, आणि तेही शेवटचे. दुर्योधनाने तेवढेच मोजले. परिणाम, हानी आणि पीडा हे तीन रकाने त्याने कोरे ठेवले.

ह्या कसोटीवर आता पुरानी बस्तीच्या भूमीचा इतिहास पाहू. छत्तीसगड हे नाव छत्तीस गडांवरून आले असे परंपरा सांगते: शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरच्या शाखेचे अठरा, दक्षिणेस रायपूरच्या शाखेचे अठरा. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसले ह्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीस निघाले असता रतनपुरावर आले. त्यांच्याबरोबर सुमारे चाळीस हजारांची, बहुतांशी घोडदळाची, फौज होती असे सांगतात. रतनपूरचे राजे रघुनाथसिंह वृद्ध होते. एकुलता एक पुत्र गेल्याच्या दुःखात त्यांचे राज्यकारभाराकडे लक्ष राहिले नव्हते. तोफांच्या माऱ्याने राजवाड्याचा काही भाग पडला, तेव्हा राणीने तटावर शरणागतीचे निशाण लावविले. एक लाख रुपयांचा दंड बसला, आणि शतकानुशतकांचे राज्य लढाई न होताच परस्वाधीन झाले.

येथे दोन्ही पक्षांकडून काय मोजले गेले? रघुनाथसिंहांनी काहीच मोजले नाही. अठरा आणि अठरा मिळून छत्तीस गड होते, पण दोन शाखा दोन ठिकाणी होत्या, आणि ज्याने सर्वांस जागे करावयाचे तोच शोकात बुडाला होता. पुत्रशोक हा मनुष्याचा दोष नव्हे; त्या वृद्ध पित्यास दोष देण्याचा अधिकार कोणास आहे? तथापि ज्याच्या शोकावर हजारो घरांचे रक्षण अवलंबून असते, त्याने शोकातही उठावे लागते. म्हणूनच गीतेचा उपदेश शोकाच्या निवारणापासून सुरू होतो, शौर्याच्या स्तुतीपासून नव्हे.

आणि जिंकणाऱ्यांनी? त्यांनी घोडी मोजली आणि दंडाचे रुपये मोजले. पुढे तीच सेना बंगालमध्ये शिरली. तेथे तिने गावांची जी लूट केली, तिच्या भयाची आठवण ‘बर्गी’ ह्या शब्दाने बंगालच्या अंगाईगीतांत राहिली आहे. मराठी माणसाने हे डोळे झाकून वाचू नये. परमुलखातील माता आपल्या सैन्याचे नाव घेऊन मुलास भिववून निजवितात, हा ‘हिंसा’ ह्या रकान्यातील अंक आहे, आणि तो त्या काळी कोणी मांडला नाही. १७४४ साली मानकरा येथे अलिवर्दीखानाने बोलणीच्या निमित्ताने भास्कररामांस तंबूत बोलाविले आणि त्यांस व त्यांच्या बहुतेक सरदारांस दग्याने ठार करविले. ज्या फौजेपुढे रतनपूर नमले, ती बाहेर उभी असता तंबूच्या आत तिचा काही उपयोग झाला नाही.

नागपूरकरांच्या बळाची दुसरी परीक्षा नागपुरातच झाली. नोव्हेंबर १८१७ च्या २६ व २७ तारखांस सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर कंपनीचे सुमारे दीड हजार शिपाई होते. त्यांच्यासमोर अप्पासाहेब भोसल्यांचे अठरा ते वीस हजारांचे सैन्य, त्यात काही हजार अरब, आणि छत्तीस तोफा. कोष्टक वाचणाऱ्याने निकाल तत्काळ सांगितला असता. निकाल उलट लागला.

असे का व्हावे, हे गीतेतील कार्यसिद्धीच्या पाच कारणांवरून समजते. कोणतेही कार्य घडण्यास अधिष्ठान म्हणजे स्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव, अशी पाच कारणे भगवंतांनी सांगितली आहेत. सैन्याची गणना ही ह्यांतील केवळ साधनांची गणना आहे. सीताबर्डीस साधने भोसल्यांकडे भरपूर होती. पण मोक्याचे स्थान कंपनीकडे होते. प्रयत्नांत कॅप्टन फिट्झजेरल्डच्या घोडदळाने केलेला हल्ला निर्णायक ठरला. दैव असे, की ऐन वेळी अरबांच्या तोफेजवळ दारूची गाडी पेटून त्यांच्यात गोंधळ उडाला. आणि कर्ता? अप्पासाहेबांनी १८१६ साली कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला होता. पुढे मन पालटले, पण पुरते नाही. लढाई फसताच आपल्या हुकुमावाचून ती झाली असा निरोप त्यांनी धाडला, आणि १६ डिसेंबरला ते स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले. वीस हजार हातांमागे एक निश्चयी मन नव्हते. त्या पराभवानंतर १८१८ साली छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधीक्षकाकडे गेला आणि राजधानी रतनपुराहून रायपुरास आली. पुरानी बस्तीभोवती जे मोठे रायपूर पुढे वाढले, त्याचा एक धागा असा सीताबर्डीच्या टेकडीस बांधलेला आहे.

हे केवळ ह्या देशात घडते असे नाही. १९४० साली फ्रान्स व त्याच्या मित्रराष्ट्रांकडे जर्मनीपेक्षा रणगाडे कमी नव्हते. तरीही १० मे रोजी सुरू झालेल्या चढाईपुढे २२ जूनला फ्रान्सने युद्धविरामावर सही केली. साधनांचा रकाना भरलेला असूनही कार्य फसते, हे पश्चिमेनेही अनुभविले.

परंतु येथे एक सोपा सिद्धान्त मनात घर करू पाहतो, आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे. ‘थोडे असले तरी जे जिंकले ते धर्माच्या बाजूचे असले पाहिजेत’ असे कोणी म्हणेल, तर सीताबर्डीस धर्म कंपनीकडे होता असे म्हणावे लागेल. तसे मानण्याचे काहीच कारण नाही. विजय हा धर्माचा दाखला नव्हे, आणि पराभव हा अधर्माचा दाखला नव्हे. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह ह्यांनी उपाशी रयतेसाठी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडले. त्यांना कैद झाली, ते निसटले, १८५७ साली काही शे माणसांनिशी इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि अखेर पकडले जाऊन १० डिसेंबर १८५७ रोजी ह्याच रायपुरात फासावर गेले. बळाचा हिशेब पाहता ते हरणार हे ठरलेलेच होते. पण अनुबंधाचा रकाना पाहावा: कोठार न फोडते तर भुकेली माणसे मरती. त्यांनी तो अंक आधी मांडला. आज त्यांस फाशी देणाऱ्यांची नावे कोणी घेत नाही. त्यांचे नाव छत्तीसगडात घरोघर आहे. आणि हे नाव राहिले नसते, तरी त्यांचे कर्म तेवढेच शुद्ध राहिले असते.

गृहस्थास ह्या सर्वांचा उपयोग काय? त्याच्यापाशी अक्षौहिणी नाहीत. तथापि त्याच्या घरातही कुरुक्षेत्र उभे राहते. वडिलार्जित घराच्या वाटणीवरून दोन भाऊ समोरासमोर येतात. थोरला रात्री अंथरुणावर पडून हिशेब करतो: माझा वकील चांगला, साक्षीदार चार, मामा माझ्याकडचे, हातात पैसा आहे, धाकट्याजवळ काय आहे? हे दुर्योधनाचे नऊ श्लोकच होत. हिशेब बिनचूकही असेल. पण बाकीचे तीन रकाने त्याने भरले आहेत काय? अनुबंध: आज एका अंगणात खेळणारी मुले उद्या एकमेकांच्या लग्नास जातील काय? क्षय: निकाल लागेपर्यंत आयुष्याची किती वर्षे जातील, आणि जिंकलेल्या भिंतींत राहावयास कोण उरेल? हिंसा: दोन्ही घरांत आळीपाळीने राहणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या जिवाचे काय होईल?

हे तीन रकाने भरल्यावर कित्येक खटले दाखलच होणार नाहीत. पण ह्याचा अर्थ गृहस्थाने नेहमी माघार घ्यावी, असा नव्हे. कधी तेच तीन रकाने उलट सांगतात. विधवा भावजयीचा हिस्सा कोणी बळकावीत असेल, तर स्वस्थ बसण्याचाच अनुबंध वाईट असतो. तेव्हा आपल्या बाजूस वकील लहान आणि पैसा थोडा असला तरी उभे राहावयास हवे, आणि उभे राहण्यापूर्वी जी काही शक्ती आहे ती नीट जमवावयास हवी. भगवान श्रीकृष्णांनी दोन्ही गोष्टी केल्या. युद्धापूर्वी ते स्वतः कौरवसभेत शिष्टाईस गेले. पांडव तर राज्याच्या जागी केवळ पाच गावांवर समाधान मानावयास तयार होते. सुईच्या टोकाएवढीही भूमी मिळणार नाही असे उत्तर आल्यावर मात्र त्यांनी घोड्यांचे लगाम हाती घेतले. ज्याने आधी पाच गावे मागितली, त्यासच पुढे ‘ऊठ, लढ’ असे सांगण्याचा अधिकार पोहोचतो.

कुरुक्षेत्राच्या गणनेची अखेरची बेरीजही महाभारताने नोंदवून ठेवली आहे. अठरा अक्षौहिणी म्हणजे ३९,३६,६०० ची गणती. त्यांतून पांडवपक्षाकडे सात आणि कौरवपक्षाकडे तीन वीर उरले. अकरा आणि सात ह्यांतील जो फरक दुर्योधनास इतका मोठा वाटला होता, तो अठरा दिवसांत पुसला गेला. जिंकलेल्या युधिष्ठिरासही त्या विजयाने सुख दिले नाही. शांतिपर्वाचा आरंभ त्याच्या शोकाने होतो. क्षयाचा रकाना दोन्ही पक्षांस भरावाच लागतो.

म्हणून गीतेचा शेवटचा श्लोक पुन्हा पाहावा. धृतराष्ट्राने पहिल्याच श्लोकात विचारले होते, माझ्या पुत्रांनी आणि पांडवांनी काय केले? प्रश्न वृत्तान्ताचा दिसतो. मनात मात्र बळाबळाची काळजी आहे. सातशे श्लोकांनंतर संजय त्यास उत्तर देतो, आणि त्या उत्तरात एकही अक्षौहिणी नाही. जेथे श्रीकृष्ण आणि धनुर्धारी अर्जुन आहेत तेथे चार गोष्टी आहेत, असे तो सांगतो: श्री, विजय, वैभव आणि अढळ नीती. धनुष्य त्यात आहे. म्हणजे पौरुष सुटलेले नाही. विजयही आहे. पण तो एकटा नाही. त्याच्या सोबतीस नीती आहे, आणि ‘अढळ’ हे विशेषण नीतीच्या वाट्यास आले आहे. विजय अढळ नसतो, हे रतनपूर सांगते, मानकरा सांगते, सीताबर्डी सांगते.

पुरानी बस्तीत सायंकाळी महामायेची आरती होते. त्या गर्दीत कोणी गृहस्थ उद्याच्या तारखेची चिंता घेऊन उभा असेल, कोणी भावावरचा राग घेऊन, तर कोणी ‘आपले बळ थोडे’ म्हणून खचलेला असेल. देवीपुढे हात जोडताना त्याने आपले बळ अवश्य मोजावे. परंतु एका ओळीवर थांबू नये. चारही रकाने भरावेत, मग जे कर्तव्य दिसेल ते करावे, आणि बेरजेखाली जो आकडा येईल तो श्रीहरीच्या चरणी ठेवून घरी परतावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥